खाजकुयली

आवाज ओळखीचा वाटणं यात वच्छलाला नवीन काही नव्हतं. वाशीमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसायला लागून तिला दोन वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात गावातली फोनवाली माणसं तिला घशावरून कळू लागली होती. आडत्या नंबर सांगण्याआधी खाकरायचा. डॉक्टरांचा कंपाउंडर जिना चढून आल्यासारखा बोलायचा. जिनिंगचे मुनीमजी अकोला मागतानाच चिडलेले असायचे, जणू अकोला न लागू देण्याचा कट तिनंच केला होता. यांतल्या बहुतेकांचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. पण बाजारात एखादा परका माणूस पानवाल्याशी दोन शब्द बोलला की तिला चटकन उमगायचं, हे तर आपले सत्तेचाळीस नंबर. आणि ती उगाच पदर सावरून पुढं निघून जायची. तेव्हा त्या दिवशी, माघातल्या उबदार उन्हाच्या दुपारी, मानोरा गावाची लाइन आली आणि पलीकडून एका बाईनं पंजाबरावांचं घर मागितलं, त्या वेळी आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिचं काही बिघडायला नको होतं. पण हातातला प्लग भोकात बसेना. 'घरी' म्हणताना तो आवाज शेवटाला किंचित वर चढला आणि तिथंच थांबला, एखाद्यानं शेवटच्या पायरीवर थबकावं तसा. पूर्वी तो तिथून हसण्यात उतरायचा. त्या हसण्याची वाट पाहण्याची वच्छलाच्या अंगाला इतकी सवय होती की सहा वर्षांनंतरही तिची मान आपोआप खाली गेली.

"कोण बोलतंय म्हणून सांगू?" तिनं ड्यूटीच्या आवाजात विचारलं.

"हेमलता म्हना. त्यायची पोरगी."

पंजाबरावांच्या घरी गड्यानं फोन उचलला. मालक वावरात गेले होते, येतीलच इतक्यात म्हणाला. आले की फोन करायला सांगतो. वच्छलानं तसं मानोऱ्याला कळवलं.

"मी बसते इथंच," हेमलता म्हणाली. "पोस्टातच हावो मी. ते आले का लगेच लावा हो बाई. मले मंग पुन्हा नाई येता येनार."

बाई. वच्छलानं प्लग काढला आणि दोरी बोर्डावर सोडून दिली. तिच्या लक्षात आलं, आपला डावा हात गळ्याशी गेला आहे आणि बोटं तिथं काहीतरी चाचपत आहेत. गळ्यात काही नव्हतं. एक साधी काळ्या मण्यांची पोतही तिनं कधी घातली नव्हती. गळ्याला काही लागलं की तिला सोसत नसे. आई म्हणायची, वच्छीची कातडी नाजूक आहे. कातडीचं खरं काय ते दोघीच जाणत होत्या, ती आणि तिची शाळेतली मैत्रीण नसीम, आणि नसीम आता लग्न होऊन बाळापूरला गेली होती.

बहात्तर साली त्या नववीत होत्या. शाळा स्टेशनच्या अंगाला, पत्र्याची, लांबच लांब. मागच्या भिंतीपलीकडं जिनिंग. एरवी हिवाळ्यात जिनिंग चालू झालं की वर्गात कापसाची लव उडत यायची, पोरींच्या वेण्यांवर बसायची आणि भूगोलाच्या बाई शिंकत शिंकत नद्या शिकवायच्या. त्या वर्षी लव आली नाही. कापूसच नव्हता. जिनिंग बंद पडल्यावर वच्छलाचा बाप ग्यानबा तिथलं काम सुटून दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला, आणि त्याच्या मागोमाग आई भागिरथाही. दोघं अंधार पडता परत यायची तेव्हा त्यांच्या पापण्यांवर दगडाची पांढरी पूड असायची आणि हसली की ती दोघं एकदम म्हातारी दिसायची. पण हसायची. आज वच्छलाला त्या वर्षाची आठवण यायची ती भुकेची यायची नाही. यायची ती त्या पांढऱ्या पापण्यांची, खडीच्या टोपल्यातून आईनं आणलेल्या दोन हिरव्या बोरांची, आणि नसीमच्या घरी बंद पडलेल्या पिंजणीच्या धनुकलीची. नसीमचा बाप बदरुद्दीन गाद्या-रजया भरायचा. कापूस नसल्यामुळं तो दारात बसून रिकाम्या धनुकलीची तार छेडायचा आणि म्हणायचा, "सुनो बेटी, ही बी भुकेली हाय." त्या तारेचा तो एकटा, पोटातून आल्यासारखा आवाज. बोर्डावर लांबच्या लाइनी गुणगुणायला लागल्या की कधी कधी तोच आवाज हेडफोनमधून यायचा आणि वच्छला क्षणभर नंबर विसरायची.

रेशनवर तेव्हा मिलो मिळायची. अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकर विटकरीसारखी लाल व्हायची, थंड झाली की कडक, आणि तिला एक कोंदट वास असायचा. पुष्कळ पोरींच्या डब्यांत तीच होती. पण त्या झाकणाआड खायच्या, आणि वच्छलाला आड करून खायचं सुचलं नाही, एवढाच फरक. हेमलतानं ते पाहिलं. हेमलता पंजाबरावांची. गोरी, ठसठशीत, दोन वेण्या पुढं घेऊन बसायची, आणि तिच्या आवाजात ते चढून हसण्यात उतरणं होतं. त्यामुळं ती काहीही बोलली तरी आजूबाजूच्या पोरी आधीच हसायच्या तयारीत असायच्या. "काय व मिलो," ती म्हणाली, आणि वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून वच्छलाचं नाव मिलो झालं. हजेरी घेताना बाई 'वच्छला' म्हणाल्या की मागून कुणीतरी हळूच दुरुस्ती करायचं. पाण्याच्या माठापाशी तर हेमलताची वेगळीच रीत होती. वच्छला आली की ती लगबगीनं पुढं व्हायची, ग्लास स्वतः बुडवायची आणि म्हणायची, "थांब, मी देते ना तुले," आणि वरून, उंचावरून, वच्छलाच्या ओंजळीत पाणी सोडायची. ग्लासाला वच्छलाचा हात लागू नये यासाठी चाललेली ती सगळी सेवा होती. मोठ्या बाईंनी एकदा ते पाहिलं आणि प्रार्थनेच्या वेळी हेमलताचं कौतुक केलं. वच्छला ओंजळीतलं पाणी प्यायची. पाणी थंड असायचं, आणि तहान लागलेली असायची, आणि हेमलताच्या हातांतल्या बांगड्यांचा आवाज फार सुंदर यायचा. हेही खरंच होतं. इतक्या वर्षांनी तिला यातलं काय आठवावं तर त्या बांगड्या.

बोर्डावर दिवा लागला. पंजाबरावांचं घर. "मालक आले," गडी म्हणाला, "लावा आता मानोरा."

"लावते. लाइन जरा खराब आहे. थांबा," वच्छला म्हणाली. लाइन चांगली होती. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिकडं पोस्टाच्या बाकावर हेमलता बसली असेल, पदर डोक्यावरून घेऊन, दर खेपेला पोस्टमास्तरांची खुर्ची वाजली की वर बघत. बसू दे, असं काही वच्छला मनात म्हणाली नाही. तिनं फक्त हात हलवला नाही. अंगात एक कोमट, गोड सुस्ती पसरत होती आणि ती तिला ओळखीची होती. ती एकदाच अशी पसरली होती.

माळेचं झालं ते मार्गशीर्षात. शिवणाच्या तासानंतरची सुट्टी. हेमलतानं वच्छलाचा डबा आधीच काढून घेतला होता. भाकरीचे तुकडे केले, आणि तिची चुलत बहीण बेबीनंदा, जी तिच्याच घरात वाढली होती, बाप नसलेली, हेमलताचं दप्तर उचलून मागं मागं चालणारी, तिनं शिवणाच्या सुईनं ते तुकडे एकामागून एक ओवले. बेबीनंदाची मान खाली होती, ती हसत नव्हती, पण ओवत होती. मग हेमलतानं ती माळ वच्छलाच्या गळ्यात घातली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. भाकरीची एक कड गळ्याला रुतत होती. आईनं ती भाकर दिवसभर हातोडा चालवून आलेल्या हातांनी थापली होती. फोड फुटलेला हात ती पिठाला लागू नये म्हणून उताणा धरायची. हे सगळं त्या क्षणी वच्छलाच्या डोळ्यांपुढून गेलं आणि ती हसली. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं हसली. टाळ्यांच्या तालावर तिनं मानही हलवली. पुढं तिनं हेमलताला माफ करता येईल की नाही याचा पुष्कळ विचार केला, पण त्या हसण्याला माफ करायचा प्रश्न तिला कधी सोडवता आला नाही.

रेल्वे पुलाखालच्या नाल्यात, कोरड्या पडलेल्या झुडपांवर, खाजकुयलीच्या वेलाच्या शेंगा तेवढ्या टिकून होत्या. मखमली, तांबूस, हात लावावासा वाटावा अशा. लावला की माणूस दिवसभर नाचतो. नसीमनं जागा दाखवली, पण ऐन वेळी तिनंच हात धरला. "वच्छी, आंख में गया तो?"

"नाई जात," वच्छला म्हणाली. तिनं बापाचं जुनं धोतर ओलं करून हाताला गुंडाळलं होतं. त्या दोघी उन्हात उकिडव्या बसल्या, वरून पूर्णेची गाडी गेली, पूल थरथरला, डब्यातल्या एका पोरानं त्यांना हात केला आणि नसीमनं त्यालाही हात केला. शेंगांवरची कुसळं झटकून कागदात धरताना त्यांनी श्वाससुद्धा कोंडून धरला होता. मग घरी येताना दोघींनी एकच गाणं म्हटलं, सबंध रस्ता, अर्धं नसीमला येत होतं, अर्धं तिला. इतकी सुखी संध्याकाळ वच्छलाच्या आयुष्यात पुन्हा आली नाही. नोकरीचा कागद आला त्या दिवशी बापानं गूळ वाटला, विहारात तिचं नाव घेतलं, तेव्हाही नाही.

स्नेहसंमेलनात शेतकरी नाच होता. पाऊस पडतो, पीक येतं, पोरी ओंब्या घेऊन फेर धरतात. दुष्काळाच्या वर्षात तो नाच बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे. हेमलता मधोमध होती. वर्गातली बाकं सरकवून कपडे बदलायची खोली केली होती. हेमलताचं हिरवं पोलकं आणि ओढणी खुंटीला होती. वच्छला पाण्याची कळशी भरायच्या निमित्तानं आत गेली, कागद त्यांवर उलटा केला आणि बाहेर पडली. दारातच हेमलता समोरून आली. दोघींची नजर भेटली. चांगली भेटली, पापणी लवेपर्यंत. मग वच्छला मंडपात जाऊन नसीमशेजारी बसली.

आधी लोक हसले. पीक आल्याच्या आनंदात पोरगी अंगाला झटके देते आहे असंच वाटलं. पंजाबरावसुद्धा पहिल्या रांगेत हसत होते. वच्छलाच्या अंगात ती कोमट गोडी पसरली, पायांच्या बोटांपर्यंत. मग हेमलतानं घाम पुसायला ओढणी तोंडावर ओढली. डोळ्यांवर. आणि ती किंचाळली. ती किंचाळी नाचात बसणारी नव्हती. नसीमनं वच्छलाच्या दंडात नखं रुतवली. पेटी वाजवणारे मास्तर अजून वाजवतच होते.

वच्छलानं मानोऱ्याचा प्लग खोचला. "बोला," ती म्हणाली, "वाशीम आहे." इथं ऑपरेटरनं बाजूला व्हायचं असतं. ती झाली नाही.

"कायले फोन केला?" पंजाबराव म्हणाले. "कोनाले विचारून बाहीर पडली?"

"बाबा, मले न्या. एकडाव या अन् मले घिऊन चाला."

"झालं काय पन?"

"दूध उतू गेलं. मले दिसलं नाई. सासूनं चुलीतलं लाकूड काढून हातावर ठेवलं. म्हने, आंधळीले आता तरी दिसन. हे तिथंच बसले होते, बाबा. जेवून राह्यले होते."

पंजाबरावांचा श्वास वच्छलाच्या कानात खरखरत राहिला. "हेमा," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज अगदी खाली आला होता, "तुह्या डोळ्याचं आपन त्यायले सांगतलं नोतं. चूक आपल्याकून हाय. आता मी कोन्त्या तोंडानं त्यायच्या दारात उभा राहू? उनाळा निघू दे. मंग पाहू. थोडं सोसा लागते."

"बाबा..."

"हाताले तूप लाव," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

म्हणजे डोळे परत नीट झालेच नाहीत. संमेलनानंतर हेमलता किती तरी दिवस घरीच होती. परतली तेव्हा डोळ्यांना जाड भिंगं होती आणि आवाजातलं ते हसण्यात उतरणं नाहीसं झालं होतं. त्याआधीच मोठ्या बाई पंजाबरावांच्या घरी जाऊन तिला विचारून आल्या होत्या, सगळ्या शाळेला ठाऊक होतं. पंजाबराव दारात उभे होते, नुसतं नाव सांग, म्हणत होते, त्या पोरीचं पुढं काय करायचं ते मी पाहतो. आणि हेमलता, डोळ्यांवर पट्टी, म्हणाली होती, मले नाई माहीत. पण तिनं पाहिलं होतं. दारात, पापणी लवेपर्यंत. वच्छला रोज वाट पाहायची, आज सांगेल, आज बापाला दुष्काळी कामावरून बोलावणं येईल, आज आपलं नाव शाळेतून कापलं जाईल. हेमलता बाकावर एकटी बसायची. बेबीनंदासुद्धा दुसऱ्या रांगेत गेली होती. आणि कधीच काही झालं नाही. पुढं वच्छला मॅट्रिक झाली, अकोल्याला ट्रेनिंगला गेली, हेडफोन कानाला लावून इंग्रजीत आकडे म्हणायला शिकली, आणि प्रत्येक पायरीवर तिला वाटत राहिलं की हे सगळं हेमलताच्या एका न उच्चारलेल्या शब्दावर उभं आहे. का सोडलं तिनं आपल्याला? दया आली? की माळेची भरपाई केली? ज्या पोरीचा द्वेष हेच आपलं हक्काचं काही होतं, तिचे उपकार घेऊन जगायचं, हे वच्छलाला ओंजळीत पाणी पिण्यापेक्षा जड गेलं होतं.

बोलणं संपलं की प्लग काढायचा. मानोऱ्याचा दिवा विझत नव्हता. "बोलणं झालं का?" तिनं विचारलं.

"थांबा थोडं बाई. काढू नका. हे ठेवलं का मले घरी जा लागते."

वच्छलानं मागं वळून पाहिलं. सुपरवायझर जेवायला गेले होते. "हेमलता," ती म्हणाली, आणि ड्यूटीचा आवाज तिच्या तोंडातून गळून पडला, "मी वच्छला बोलून राह्यली. शाळेतली."

"वच्छला? कोनती व?"

यापेक्षा शिवी सोपी गेली असती. "नसीमसंग बसे ती."

"अवं, मिलो!" पलीकडं रडवेला आवाज एकदम वर चढला आणि, इतक्या वर्षांनी, हसण्यात उतरला. "मिलो ना तू? कशी हायस व? तूच होती काय इतक्या वेळची, अन् मी तुले बाई बाई करून राह्यली." ती नाक ओढत होती आणि हसत होती. "किती मजा होती नाई त्या शाळेत. मी इथं रोज आठवते. ते पिंपळाचं झाड, अन् शिवनाच्या बाई. तुले आपन एकडाव भाकरीची माळ घातली होती, पाह्य. तू किती हासली होती."

"आठवते," वच्छला म्हणाली.

त्या आवाजात विष नव्हतं. तिथं शोधायला जाऊन काहीच नव्हतं. हेमलतालाही तेच दिवस हवे होते, तोच पत्रा, तेच ऊन, आणि तिच्या त्या दिवसांत वच्छला एक हसणारी मैत्रीण होती. एकाच वर्गात बसून त्या दोन वेगळ्या शाळांत शिकल्या होत्या, आणि दोघींनाही त्या शाळांची सारखीच ओढ लागली होती. वच्छलानं बोर्डाची लाकडी कड धरली आणि सहा वर्षं अडकून राहिलेलं विचारून टाकलं.

"हेमलता, संमेलनाच्या येळी बाईनं विचारलं, तवा तू नाव काहून नाई सांगतलं?"

तिकडचं हसणं थांबलं. "घरातलं नाव कसं सांगा लागते व?"

"घरातलं?"

"बेबीनंदाचं. माह्या कपड्याले तिच्याबिगर कोन हात लावे? तिले नाचात मंधात उभं राहाचं होतं, मी राहू देलं नाई. मी कोनालेच बोलली नाई. बाबानं तिले घराबाहीर काढलं असतं, कुठी गेली असती ते बिनबापाची? पन त्या दिवसापासून मी तिच्याशी तोंड उघडलं नाई. तिच्या लग्नात मी डोकं दुखते म्हनून माडीवर निजून राह्यली. आपल्या वाशीमजवळच्या मालेगावले देली तिले, खताच्या दुकानवाल्याच्या घरी. तिनं दोनदा निरोप धाडला, ये म्हनून. मी गेली नाई."

खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. दारातल्या त्या नजरेत हेमलतानं वच्छलाला पाहिलंच नव्हतं. कळशी घेऊन जाणारी एक पोरगी, तिच्यात पाहण्यासारखं काय? तिची दया वच्छलासाठी नव्हती. उपकार नव्हते. काहीच नव्हतं. वच्छलाला आधी एकदम हलकं वाटलं, जे ओझं आपलं आयुष्य म्हणून वाहिलं ते दुसऱ्याच घरचं निघावं तसं. गप्प बसायला आता काहीच हरकत नव्हती. प्लग काढला असता तर कुणालाही, कधीही, काही कळलं नसतं. पण मालेगावात एक बाई होती, जिनं मान खाली घालून भाकरी ओवली होती आणि जिला बहीण का तुटली हे कधी समजलं नसेल. आणि मानोऱ्याला ही, भाजलेला हात पदराखाली धरून, जिला जायला गाव नव्हतं.

"बेबीनंदानं नाई केलं," वच्छला म्हणाली. "मी केलं."

लाइन गुणगुणत राहिली.

"तू?"

"हो. माळ घातली म्हनून."

"पन तू तं हासली होती," हेमलता म्हणाली. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"हो. हासली होती."

वच्छलाला वाटलं, आता ती ओरडेल, आणि तिला ते हवं होतं. हेमलता ओरडली नाही. "माहे डोळे गेले व त्याच्यात," ती म्हणाली, हळू, हिशेब लागल्यासारखी. "सांजच्याले मले पायरी दिसत नाई." वच्छलाच्या तोंडाशी माफीचा शब्द आला, पण तो इतका लहान होता की तिला तो उच्चारायची लाज वाटली. माळ घातली नसती तर, हेही आलं. तेही तिनं गिळलं. आणि मग पलीकडून वेगळंच रडणं ऐकू आलं, बापाशी बोलतानाचं नव्हे ते, मोठं, लहान पोरीसारखं. "मंग बेबी... बेबीनं काईच नोतं केलं. मी तिले सा वर्सं..." मागून पोस्टमास्तर काहीतरी म्हणत होते, बाई, आटपा.

"मालेगाव लावू?" वच्छलानं विचारलं.

"ती बोलन काय माह्याशी?"

"निरोप धाडले ना तिनं."

"काय सांगू तिले?"

"बाबाले सांगतलं तेच. मले न्या म्हन."

तिनं मालेगाव मागितलं, खताचं दुकान मागितलं. एका माणसानं उचललं, घरात हाक मारली, दूरवरून पायांतल्या जोडव्यांचा आवाज जवळ आला. "हॅलो? कोन?" बेबीनंदा म्हणाली. दोन्हीकडचे श्वास वच्छलाच्या कानात एकमेकांवर आपटत होते. "मानोऱ्याहून फोन आहे," ती म्हणाली. "बोला." आणि तिनं हेडफोन काढून बोर्डावर ठेवला. कान उघडे पडले, त्यांना गार लागलं. अकोल्याचा दिवा लागला, जिनिंगचा लागला, मुनीमजी चिडत असणार. ती त्या दोन प्लगांना हात न लावता बसून राहिली, त्यांचे दिवे आपोआप विझेपर्यंत.

त्या संध्याकाळी ती घरी जाताना शाळेवरून गेली. रोजचा रस्ता तो नव्हता. जिनिंग चालू होतं आणि फाटकाच्या जाळीला कापसाची लव अडकली होती. तिनं ती बोटानं काढली, थोडा वेळ धरली. नसीमला हे कधी सांगायला मिळेल याचा ती विचार करत होती. नसीम म्हणाली असती, मैं बोली थी ना. आणि मग काय म्हणाली असती, ते वच्छलाला सुचेना.

दुसऱ्या दिवशी, जेवणवेळ टळून गेल्यावर, मालेगावची लाइन आली. बाईचा आवाज, दमलेला आणि स्पष्ट. पंजाबरावांचं घर मागत होता. वच्छलानं जोडून दिलं. ऐकायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण हेडफोन काढायला हात वर जाईपर्यंत पंजाबरावांनी फोन उचललाही होता.

"काका, मी बेबीनंदा. सकाळीच आमी दोघं मानोऱ्याले गेलतो. हेमाले घिऊन आलो. माह्या घरी हाय ते आता, अन् इथंच राहीन. तुमाले सांगाले फोन केला. विचाराले नाई."

मालेगावकडून खट्ट आवाज आला.

"हॅलो," पंजाबराव म्हणाले. "ऑपरेटर, लाइन कटली काय?"

"नाही," वच्छला म्हणाली. "बोलणं झालं."